रँक्ड चॉइस मागायचं की प्रपोर्शनल? आधी खुर्च्या मोजा

अमेरिकेतल्या एका छोट्या गावातल्या एका ताईंनी प्रश्न विचारलाय, तो थोडक्यात असा आहे. त्यांच्या गावात सात जणांची सिटी कौन्सिल, सातही जण अख्ख्या गावाच्या मतांवर निवडून येतात, एका निवडणुकीत तीन जागा आणि दोन वर्षांनी उरलेल्या चार. रेल्वे लाइनच्या पलीकडे सगळी अपार्टमेंट्स, गावातली जवळजवळ एक तृतीयांश वस्ती तिकडे, त्यात आपली मराठी घरंही बरीच, आणि त्या बाजूचा एकही माणूस आजवर कौन्सिलवर गेलेला नाही. मागच्या वेळी मेयर ३१ टक्के मतांवर निवडून आला, त्यावरून दहा-बारा जण एकत्र आलेत. काही म्हणतात मेयरसाठी रँक्ड चॉइस (उमेदवारांना १-२-३ असा पसंतीक्रम द्यायचा) मागूया, सोपं आहे, पटकन मिळेल. काहींना कौन्सिलसाठी प्रपोर्शनल (ज्याचे जितके लोक त्याला तितक्या जागा) हवंय. तर मागायचं काय, सुरुवात कुठून करायची, लोकांना मोजणी कशी समजावायची, आणि ग्रुपमधले निम्मे लोक एच-वन-बी नाहीतर ग्रीन कार्डवर आहेत त्यांनी काय करायचं.

मी ओरेगनमधल्या पोर्टलंडला राहतो. २०२२ ला आमच्या शहराचं चार्टर, म्हणजे शहराची घटना, बदललं तेव्हा दारोदार फिरलोय, २०२४ ला नव्या पद्धतीची पहिली निवडणूक झाली तेव्हा लोकांना मतपत्रिका समजावत फिरलोय, आणि त्याच दिवशी राज्यभर रँक्ड चॉइस आणायची मोहीम हरली त्यातही होतो. त्यामुळे जे कळलंय ते जिंकून आणि हरून दोन्हीकडून कळलंय.

सरळ उत्तर आधी देतो. मेयरसाठी रँक्ड चॉइस चांगलं आहे, पण त्यानं रेल्वे लाइनपलीकडचा माणूस कौन्सिलवर जाणार नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि औषधं पण वेगळी आहेत, फक्त मतपत्रिका दिसायला सारखी असते म्हणून लोक गोंधळतात. मतपत्रिकेवर १-२-३ लावणं हा भाग दुसरा. पहिला प्रश्न हा की एका वेळी किती खुर्च्या भरतोय.

खुर्ची एकच असेल तर दुखणं मतं फुटण्याचं. मिशिगनचं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहितीय. २०२२ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या १३व्या डिस्ट्रिक्टमध्ये खासदारकीसाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक) झाली, नऊ उमेदवार उभे होते, आणि आपले बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार साधारण २८ टक्के मतांवर जिंकले. मला आनंद झाला होता, आजही आहे, त्यांनी नियमात राहून जिंकलंय. पण त्याच शहरातल्या कृष्णवर्णीय मतदारांची मतं बऱ्याच जणांत फुटली आणि कित्येक दशकांत पहिल्यांदा डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय खासदार उरला नाही, ही त्यांची हळहळ पण खरी आहे. रँक्ड चॉइस असतं तर कोण आलं असतं ते कुणीच सांगू शकत नाही, कदाचित ठाणेदारच आले असते, पण मग त्यांच्या मागे निम्म्याहून जास्त लोक आहेत हे तरी दिसलं असतं. एका खुर्चीला रँक्ड चॉइस एवढं देतं. सगळ्यात मागच्याला बाद करायचं, त्याच्या मतदारांची पुढची पसंती मोजायची, असं करत करत कुणीतरी निम्म्याच्या वर जाईपर्यंत.

न्यूयॉर्कमध्ये २०२५ च्या जूनमध्ये याचा आणखी एक चांगला परिणाम दिसला. मेयरच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ममदानी आणि ब्रॅड लँडर एकमेकांविरुद्ध उभे होते आणि तरी दोघांनी उघडपणे सांगितलं की मला पहिला द्या आणि याला दुसरा. ममदानी शेवटच्या फेरीत ५६ टक्क्यांवर गेले. प्रतिस्पर्ध्याचा मतदार उद्या आपल्याला दुसरी पसंती देणार असेल तर माणूस प्रचारात जिभेला लगाम घालतो, हे मी स्वतः आमच्याकडे पण पाहिलंय.

पण तुमची कौन्सिल. तिथे तीन खुर्च्या आहेत आणि प्रत्येकाला तीन मतं. गावातले ५५-६० टक्के लोक एकाच विचाराचे असले, एकाच बाजूला राहणारे असले, तर त्यांचे तिन्ही उमेदवार येतात. पुढच्या वेळी चार खुर्च्या, परत त्यांचेच चार. तुमचे ३०-३५ टक्के लोक दर वेळी मत देतात आणि दर वेळी शून्य. कुणी फसवणूक केलेली नाही, नियमच तसा आहे. त्यामुळे तुम्हाला पाहिजे ती अनेक खुर्च्यांची रँक्ड चॉइस, जिला प्रपोर्शनल म्हणतात, म्हणजे ज्याचे जितके लोक त्याला साधारण तितक्या जागा.

आणि ही गोष्ट मराठी माणसाला नवीन नाहीये, हे मला फार उशिरा सुचलं. आमच्या मंडळाच्या गणपतीत मी डेमो ठेवला होता, दिवाळीच्या कार्यक्रमाला कुठले तीन गोड पदार्थ करायचे याची निवडणूक. ८० जणांनी मतं दिली. आधी जुन्या पद्धतीने, प्रत्येकाला तीन मतं. मोठी माणसं ५२ होती, त्यांनी पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदीला दिली, पोरं २८, त्यांनी आईस्क्रीम आणि केकला दिली. निकाल काय लागणार, पुरणपोळी श्रीखंड बासुंदी, पोरांना काही नाही. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी होती, ती रडवेली होऊन म्हणाली की आम्ही एवढे सगळे आहोत मग आमचं एक पण का नाही. मी म्हटलं थांब आता, आणि दुसरी मतपत्रिका वाटली, त्यावर १-२-३ लावायचं.

इथे मी प्रोजेक्टरवर आलेख लावून बसलो होतो, सूत्र लिहिलं होतं, आणि लोकांचे डोळे विझायला लागले होते. तेवढ्यात सांगलीहून मुलाकडे आलेले एक आजोबा उठले, निवृत्त शिक्षक, म्हणाले, अहो हे तर आमचं शिक्षक मतदारसंघाचं मतदान, तो जांभळा स्केचपेन देतात बघा, त्यानं पसंतीक्रम लिहायचा, कोटा पूर्ण झाला की माणूस आला, नाही झाला तर खालचा बाद करून त्याची दुसऱ्या पसंतीची मतं वाटायची. संपलं. दोन मिनिटांत हॉलमधल्या सगळ्या चाळिशीच्या वरच्या लोकांना समजलं, कारण पदवीधरची नाहीतर शिक्षकची निवडणूक प्रत्येकाच्या घरात कुणीतरी पाहिलेली होती. विधान परिषदेच्या मोजणीची बातमी दुसऱ्या दिवशीपर्यंत का चालते हे पण त्यांना माहीत होतं.

मग मोजणी केली, सगळ्यांसमोर, टेबलावर गठ्ठे लावून. ८० मतं, तीन जागा, तर कोटा काढायचा ८० ला चारने भागून अधिक एक, म्हणजे २१. (तीन जागांना चारने का भागायचं असं लगेच विचारतात. कारण २१ मतं जास्तीत जास्त तिघांनाच मिळू शकतात, चौघांना २१ मिळायला ८४ लागतील.) पहिल्या पसंतीत पुरणपोळी २६, आईस्क्रीम १७, श्रीखंड १५, बासुंदी ११, केक ११. पुरणपोळी आली. तिची पाच मतं जास्तीची, ती वाया घालवायची नाहीत, पुरणपोळीवाल्यांची दुसरी पसंती ज्या प्रमाणात असेल त्या प्रमाणात पुढे पाठवायची, साधारण तीन श्रीखंडला गेली आणि दोन बासुंदीला. आता श्रीखंड १८, बासुंदी १३, केक ११ सगळ्यात खाली, केक बाद. केकच्या पोरांची दुसरी पसंती आईस्क्रीम, ते गेलं २८ वर, आलं. उरलेल्या एका जागेसाठी श्रीखंड आणि बासुंदी, आईस्क्रीमची जास्तीची मतं वाटली तरी बासुंदी मागेच, ती बाद, श्रीखंड आलं. मोठ्यांचे दोन, पोरांचा एक. ५२ ला दोन, २८ ला एक. ती मुलगी टेबलापाशी उभी राहून प्रत्येक गठ्ठा स्वतः मोजत होती आणि आईस्क्रीमचा गठ्ठा २१ च्या वर गेला तेव्हा तिनं वर बघितलं, ते मी विसरणार नाही.

तेव्हापासून मी एकच करतो, आलेख नाही, सूत्र नाही, गठ्ठे. पहिल्यांदा जुन्या पद्धतीने हरवायचं आणि मग त्याच लोकांची तीच मतं नव्या पद्धतीने मोजायची. तुम्ही पण असंच करा. आणि मराठी मंडळींना जास्तीची मतं म्हणजे काय ते समजावायचं असेल तर २०२२ ची महाराष्ट्रातली राज्यसभेची सहावी जागा सांगा. संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं आणि धनंजय महाडिकांना २७, तरी महाडिक आले, कारण त्यांच्या पक्षाच्या दोघांना प्रत्येकी ४८ मतं होती, कोटा ४१ च्या आत-बाहेर, त्या दोघांची जास्तीची मतं महाडिकांकडे वळली आणि ते पुढे निघून गेले. कुठला पक्ष आवडतो हा प्रश्न बाजूला ठेवा, ती रात्र सगळ्यांनी टीव्हीवर जागून काढलीय, लगेच लक्षात येतं.

एक सांगतो, अमेरिकेतली मतपत्रिका वेगळी असते. इथे आकडे लिहायचे नसतात, उमेदवारांची नावं आडव्या ओळीत आणि पुढे पहिली पसंती दुसरी पसंती असे गोल असतात, ते काळे करायचे. आपले लोक दोन चुका करतात, एकतर एकाच आवडत्या माणसाला सगळ्या पसंत्या देतात, त्यांना वाटतं मत पक्कं झालं, तर त्यानं काहीच वाढत नाही. नाहीतर दोघांना पहिली पसंती. डेमोत मुद्दाम या दोन चुकीच्या मतपत्रिका दाखवा.

आता तुमच्या खुर्च्यांचं गणित, इथे घाई करू नका. तीन जागांना निवडून यायला साधारण २५ टक्के लागतात. चार जागांना २०. सातही जागा एकदम भरल्या तर साडेबारा टक्के. दोन जागांना मात्र ३३ टक्के, मिशिगनमधल्या ईस्टपॉइंटला २०१९ ला मतदान हक्क कायद्याच्या केसमधून हीच पद्धत आली पण एका वेळी दोनच जागा, तिथे छोट्या गटाला श्वास घ्यायला जागा कमी. तुमचे ३०-३५ टक्के लोक आहेत, तर आहे त्याच तीन-चारच्या पाळीतही तुमचा एक माणूस येऊ शकतो, पाळी मोडायची गरज नाही. हे महत्त्वाचं आहे कारण मोहिमेत जितकं कमी बदलायला सांगाल तितका विरोध कमी. पण कुणी मध्येच 'तडजोड' म्हणून सात वेगळे वॉर्ड सुचवलं तर नीट विचार करा. वॉर्डाने रेल्वेपलीकडची जागा मिळेलही, पण सीमा कोण आखणार, आणि गावभर विखुरलेले भाडेकरू, तरुण लोक, त्यांचं काय. पोर्टलंडमध्ये पण एका कमिशनरांनी २०२२ ला नेमका असा एकेका जागेच्या डिस्ट्रिक्टचा पर्याय पुढे केला होता.

पोर्टलंडची गोष्ट सांगतो म्हणजे मोहीम कशी असते ते कळेल. १९१३ पासून आमच्याकडे कमिशन पद्धत होती, मेयर आणि चार कमिशनर, सगळे शहरभरातून निवडलेले, आणि तेच खात्यांचे प्रमुख. ८२व्या अव्हेन्यूच्या पलीकडे ईस्ट पोर्टलंड आहे, ऐंशी-नव्वदच्या दशकात शहरात घेतलेला भाग, कित्येक रस्त्यांना फुटपाथ नाही, स्थलांतरित आणि कमी पगारवाले लोक तिथे जास्त, आणि तिकडचा माणूस कौन्सिलवर क्वचितच. तुमची रेल्वे लाइन तशी आमची ती अव्हेन्यू. आधी कमिशन पद्धत मोडायचे प्रयत्न अनेकदा मतदारांनीच पाडले होते. या वेळी फरक हा पडला की शहराच्या चार्टरमध्येच तरतूद होती, दर दहा वर्षांनी २० नागरिकांचं चार्टर कमिशन बसवायचं, आणि त्यातल्या १५ जणांनी होकार दिला तर प्रस्ताव कौन्सिलला न विचारता थेट मतदारांपुढे. २०२२ च्या जूनमध्ये १७ जणांनी होकार दिला. चार डिस्ट्रिक्ट, प्रत्येकी तीन जागा, प्रपोर्शनल रँक्ड चॉइस, मेयर वेगळा, कारभाराला सिटी ॲडमिनिस्ट्रेटर, आणि या पदांची मे महिन्यातली प्रायमरी बंद.

विरोध फार झाला. वर्तमानपत्रातून, व्यापाऱ्यांकडून, कौन्सिलमधूनही. सगळ्यात जोरदार आक्षेप हा की तीन मोठे बदल एकाच प्रश्नात का कोंबलेत. मला तेव्हा पण वाटायचं आणि आजही वाटतं की आक्षेप प्रामाणिक होता. पण दारावर गेल्यावर लोक हा आक्षेप घेत नव्हते. दारावर लोक विचारायचे की फोन केला तर उचलायला कोण असणार. तुमच्या भागाचे तीन जण असतील, तिघांतला एकतरी तुमच्या विचाराचा असण्याची शक्यता आहे, हे सांगितलं की माणूस दार धरून उभा राहायचा, आत जायचा नाही. मोजणीचा प्रश्न विचारणारे दहात एखादे. हे लिहून ठेवा, कारण आपल्यासारखे इंजिनिअर लोक मोहिमेत गेले की मोजणीवर बोलत सुटतात. नोव्हेंबरमध्ये साधारण ५८ टक्क्यांनी पास झालं.

आणि मग खरं काम सुरू झालं, जे आम्हाला कमी पडलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये १२ जागांना जवळजवळ शंभर उमेदवार आणि मेयरला १९. कीथ विल्सन नावाचा ट्रकिंगचा व्यावसायिक, आधी कधीच निवडून न आलेला, मेयर झाला, तीन बसलेले कमिशनर हरले. कौन्सिलवर भाडेकरूंचे, युनियनचे, व्यापाऱ्यांचे, डावे-उजवे सगळे आले, ईस्ट पोर्टलंडचे हक्काचे तिघे आले. पण शहरात साधारण पाचातल्या एका मतदारानं कौन्सिलचा रकाना कोराच सोडला, आणि ज्या डिस्ट्रिक्ट १ साठी, त्या ईस्ट पोर्टलंडसाठी, आपण हे सगळं केलं तिथे मतदानच सगळ्यात कमी. मी तिथल्या एका अपार्टमेंटच्या पायऱ्यांवर एका बाईंशी बोललो, मतपत्रिका त्यांच्या हातात होती, त्या म्हणाल्या यातला मी एकालाही ओळखत नाही, चुकीच्याला जाण्यापेक्षा सोडून दिलेलं बरं. सहा पसंत्या लावायची सोय होती, पण एक सुद्धा नाव माहीत नसेल तर सहाचा काय उपयोग. त्यामुळे माझं म्हणणं, जिंकण्याच्या बजेटइतकंच बजेट आणि तितकीच माणसं पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवा. नेपाळी, स्पॅनिश, व्हिएतनामी, ज्या ज्या भाषा तुमच्या अपार्टमेंटमध्ये बोलतात त्यात नमुना मतपत्रिका, उमेदवारांना अपार्टमेंटच्या कॉमन रूममध्ये आणून बसवणं, हे शहरानं करावं असं आधीच ठरावात लिहून घ्या.

त्याच दिवशी ओरेगनभरासाठी रँक्ड चॉइसचा प्रस्ताव, मेझर ११७, ५८ टक्क्यांच्या आसपास विरोधात जाऊन पडला. कारणं बरीच, पण मला बोचलेलं एक. तो प्रस्ताव राज्याच्या विधिमंडळानं पाठवला आणि त्यात गव्हर्नर, खासदार वगैरे घातले पण स्वतःच्या निवडणुका वगळल्या. आम्ही ओरेगनमधल्याच बेंड शहराकडच्या लोकांशी फोनवर बोलायचो आणि ते विचारायचे की एवढं चांगलं आहे तर त्यांनी स्वतःला का नाही लावलं. त्याला उत्तर नव्हतं. तुम्ही मेयर वगळून किंवा कौन्सिल वगळून काही मागितलं तर हा प्रश्न तुम्हालाही येईल. शहरात जे लोकांना पटतं ते राज्यात पटेल असंही नाही, आणि उलट, त्याच वर्षी वॉशिंग्टन डीसीमध्ये मोठ्या फरकानं पास झालं.

आता सुरुवातीचं. तुम्ही राज्य लिहिलेलं नाही आणि सगळं तिथेच अडतं. दहाहून जास्त राज्यांनी रँक्ड चॉइसला कायद्यानं बंदी घातलीय, फ्लोरिडा, टेनेसी, आयडाहो, मिसूरी वगैरे, तिथे गावानं कितीही ठरवलं तरी होणार नाही. मिशिगनमध्ये कॅलमझू, ईस्ट लॅन्सिंग, रॉयल ओकनं २०२३ ला मतदारांकडून पास करून घेतलंय पण राज्याचा कायदा बदलेपर्यंत वापरता येत नाही. कॅलिफोर्नियात चार्टर सिटीला जमतं, जनरल लॉ सिटीला (जिचं स्वतःचं चार्टर नाही) नाही. बर्कलीशेजारच्या छोट्या ऑल्बनीनं २०२० ला मतदारांकडून प्रपोर्शनल पास करून घेतलं आणि २०२२ ला वापरलं, तुमच्यासारख्या गावासाठी ते जास्त जवळचं उदाहरण आहे. तर आधी शहराचं चार्टर उघडा, ते वेबसाइटवर असतं, निवडणुकीचं कलम वाचा आणि चार्टर बदलायचे रस्ते कुठले ते बघा, कौन्सिलनं पाठवायचं, कमिशन बसवायचं की सह्या गोळा करायच्या.

मग निवडणूक घेणाऱ्या क्लार्कच्या ऑफिसात जा. मोहीम जाहीर करायच्या आधी. निवडणूक घेणारी माणसं कमी असतात, थकलेली असतात, आणि त्यांना वर्तमानपत्रातून कळलं की आपल्या डोक्यावर नवीन पद्धत येतेय तर ते पहिल्या दिवसापासून विरोधात जातात, आणि लोक त्यांचं ऐकतात, ऐकायलाच पाहिजे. त्यांना विचारा मशीन कुठलं आहे, रँक्ड चॉइस मोजायचं सॉफ्टवेअर राज्यानं मंजूर केलंय का, मतपत्रिका छापायला किती महिने आधी कळायला हवं. मी एका ठिकाणी हे न करता गेलो, तिथल्या ऑफिसनं मीटिंगमध्ये उठून सांगितलं की हे आमच्या मशीनवर होणारच नाही, ते अर्धसत्य होतं पण आमच्याकडे उत्तर नव्हतं आणि विषय तिथेच बारगळला. न्यूयॉर्कमध्ये २०२१ ला चाचणीच्या सुमारे १ लाख ३५ हजार मतपत्रिका चुकून मोजणीत मिसळल्या गेल्या, ती चूक पद्धतीची नव्हती, हाताळणीची होती, पण आजही विरोधक पहिलं तेच काढतात. मोजणी करणाऱ्यांना वेळ आणि पैसा मिळावा ही तुमची पण मागणी असू दे.

सह्या गोळा कराव्या लागल्या तर लागतील त्याहून तीस-चाळीस टक्के जास्त घ्या. पत्ता बदललेला, शेजारच्या गावचा मतदार, सही न जुळणारी, भरपूर बाद होतात. शनिवारचा फार्मर्स मार्केट बरा, पण रेल्वेपलीकडची माणसं तिथे येत नाहीत, ती लॉन्ड्री रूममध्ये आणि शाळा सुटायच्या वेळी गेटवर भेटतात.

व्हिसावाल्यांसाठी मात्र अक्षर न् अक्षर नीट वाचा. जो नागरिक नाही त्यानं मतदार नोंदणी करायची नाही, डीएमव्हीत (गाडीचा परवाना देणारं ऑफिस) फॉर्म भरताना चुकून खूण पडली नाही ना ते बघायचं, आणि याचिकेवर सही करायची नाही, कारण त्या कागदावर खाली बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की मी नोंदणीकृत मतदार आहे. चांगल्या मनानं केलेली सही पुढे ग्रीन कार्ड, सिटिझनशिपच्या वेळी अंगाशी येऊ शकते. पैशाचं म्हणाल तर केंद्राच्या कायद्यानं ग्रीन कार्डवाले उमेदवारांना देणगी देऊ शकतात, एच-वन-बीवाले नाहीत; जनमताच्या प्रश्नावर राज्याराज्यांत नियम वेगळे, म्हणून व्हिसावर असाल तर पैसे देऊच नका आणि मोहिमेचे पैसे कुठे खर्चायचे त्या निर्णयातही बसू नका. बिनपगारी वेळ देणं चालतं, डेमो, भाषांतर, पोस्टर, स्वयंपाक, गाडीनं माणसं पोचवणं. सह्या गोळा करणाऱ्यालाही काही राज्यांत अटी असतात, आधी वकिलाला विचारा. मंडळ ५०१ सी ३ (करमाफी असलेली धर्मादाय संस्था) असेल तर उमेदवाराला पाठिंबा कधीच नाही, पण जनमताच्या प्रश्नावर मर्यादेत राहून भूमिका घेता येते. आमच्या मोहिमेतली सगळ्यात चांगली भाषांतरं व्हिसावरच्या दोन मुलींनी केली होती, त्यांना स्वतःला मत नव्हतं.

कुणी म्हणेल की हे परकं खूळ आहे, एक माणूस एक मत मोडतंय. मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टानं २००९ ला मिनियापोलिसच्या केसमध्ये हे तपासून पद्धत वैध ठरवलीय. आणि परकं तर अजिबात नाही. गेल्या शतकात अमेरिकेतल्या दोन डझन शहरांनी प्रपोर्शनल वापरलं. न्यूयॉर्कमध्ये १९३७ पासून होतं, ॲडम क्लेटन पॉवेल हे तिथले पहिले कृष्णवर्णीय कौन्सिलमन १९४१ ला त्यातूनच आले; दोन कम्युनिस्ट निवडून आल्याची भीती घालून १९४७ ला काढून टाकलं. सिनसिनाटीत १९२५ पासून होतं, विरोधकांचे प्रयत्न परत परत फसले, शेवटी थिओडोर बेरी नावाचे कृष्णवर्णीय नेते मेयर होतील अशी कुजबूज पसरवून १९५७ ला काढलं आणि बेरी त्याच वर्षी हरले. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सनं मात्र १९४१ पासून आजपर्यंत टिकवलंय, नऊ जागा, दहा टक्क्यांचा कोटा. सिनसिनाटीचा इतिहास मी प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला सांगतो. पद्धत अपयशी झाली म्हणून काढली नव्हती, जे यायला नको होते ते निवडून यायला लागले म्हणून काढली.

कमेंटमध्ये एकानं विचारलंय की पुण्यात चार जणांचा प्रभाग आहे मग ते पण प्रपोर्शनलच ना. नाही. तिथे अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या जागा, प्रत्येक जागेला वेगळं मत आणि प्रत्येक ठिकाणी ज्याला जास्त तो विजयी, म्हणून पॅनेलच्या पॅनेल निघून येतं, अगदी ताईंच्या गावासारखं. खुर्च्या चार आहेत, पण मोजणी चार वेळा एकेका खुर्चीची. गंमत नाही, वाईट वाटतं, कारण पदवीधरांना आणि आमदारांना जी पद्धत आपण इतकी वर्षं वापरू देतो ती वॉर्डातल्या माणसाला मिळत नाही. ते बदलायचं तर राज्याच्या विधिमंडळाला कायदा बदलावा लागेल आणि आरक्षणाच्या जागा त्यात कशा बसवायच्या हे आधी सोडवावं लागेल, त्यावर वेगळं लिहीन.

ताई, राज्य कुठलं ते कळवा, आणि चार्टरमधलं निवडणुकीचं कलम इथेच चिकटवा, मी वाचून सांगतो. गोड पदार्थांच्या डेमोच्या मतपत्रिका मराठी, स्पॅनिश आणि इंग्रजीत तयार आहेत, गठ्ठे मोजायच्या तक्त्यासकट पाठवतो. पहिला डेमो रेल्वेच्या पलीकडे करा.